पन्नास नंबरचं तेल घेऊन मेळघाटात

वऱ्हाडात जाऊन आले असं सांगितलं की आमच्या पेठेतल्या बायका आधी उन्हाची चौकशी करतात. मी गेले होते मार्गशीर्षात आणि माझ्या आठवणीत राहिली आहे ती तिथली थंडी. त्या थंडीत एका सकाळी आमची मोटार अडून बसली होती, आणि ती अडली होती इंजिनातल्या तेलापायी. तेल पातळ असावं की घट्ट, ह्यावर एका बाईनं पानं खर्ची घालावीत हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण आमच्या घरची मोटार मीच चालवते. आमच्या ह्यांना ब्रेक कुठला आणि क्लच कुठला हे वेळेवर आठवत नाही. तेव्हा तेलाचं मला थोडंफार कळतं, एवढं आधीच सांगून ठेवते.

जाण्याचं कारण घरगुती. माझा मुलगा सुधीर धारणीला सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. महाराष्ट्र झाला त्याच सुमारास त्याचं अकोल्याच्या कुसुमशी लग्न झालं. आता कुसुमला दिवस गेले होते आणि सातवा सरत आला होता. आठव्यात हलवायचं नाही, म्हणून त्याआधी तिला बाळंतपणासाठी माहेरी आणायचं ठरलं. सुधीरला रजा मिळेना. कुसुमचे आईवडील स्वतःच्या मोटारीनं तिला आणायला निघणार होते. मी कळवलं की मीही येते. मुलाचं बिऱ्हाड मी अजून पाहिलेलं नव्हतं.

अकोला

स्टेशनवर आबासाहेब, म्हणजे माझे व्याही, स्वतः आले होते. उंच, किडकिडीत, पांढरं धोतर, काळा कोट आणि टोपी. एका जिनिंग फॅक्टरीचं इंजिनघर सांभाळण्यात त्यांचा सगळा जन्म गेला. आता घरी असतात, थोडी शेती आहे ती बघतात. त्यांची मोटार विलायती, लढाईच्या आधीची, काळी. तिचं दार उघडताना त्यांनी ते असं धरलं की जणू घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला उठवायचं आहे.

घर गावाच्या टोकाला होतं. रस्त्यानं सरकीसकट कापसाच्या गाड्या लागलेल्या, आणि वाऱ्यावर कापसाचे पुंजके उडत होते. ते कुंपणाच्या काट्यांना अडकून बसले होते. माझ्या अंबाड्यातही एक अडकला तो शांताबाईंनी, म्हणजे विहीणबाईंनी, दारातच हळूच काढला आणि मग पायांवर पाणी घातलं.

जेवायला गोळाभात होता. हरभऱ्याच्या डाळीचे तिखट गोळे भातात कुस्करायचे आणि वरून फोडणीचं तेल ओतून घ्यायचं. ओतणाऱ्या शांताबाई होत्या आणि त्यांचा हात काही थांबेना. पुण्यात आपण पाहुण्याला "अजून वाढू का" असं विचारतो आणि तो नको म्हणाला की त्याचा मान राखतो. इथं नको म्हणणं हा नुसता शिष्टाचार समजतात. मी ताटावर आडवा हात धरला तर त्यांनी तो प्रेमानं बाजूला केला आणि आणखी एक गोळा टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आबासाहेब मोटारीचं तेल बदलत होते. जुनं तेल खालून काढून झालं होतं आणि ते डब्यातून नवं ओतत होते. ते मधासारखं जाड पडत होतं. मी चहाचा कप घेऊन तिथं जाऊन उभी राहिले.

"कोणतं तेल हे?" मी विचारलं.

"पन्नास नंबर," ते म्हणाले.

आमच्या गाडीत मी तीस नंबर घालते. नंबर जितका मोठा तितकं तेल घट्ट, एवढं साधं गणित आहे. मी म्हटलं, "आपण डोंगरात निघालोय, आबासाहेब. थंडीत हे फार घट्ट होईल. सकाळी इंजिन फिरायला जड जाईल, असं मला वाटतं."

त्यांनी डबा खाली ठेवला आणि हात पुसले. "विहीणबाई, तुमच्या पुण्याची हवा गोड हाय. तुमची गाडीबी तरणी हाय. ह्या इंजिनाच्या रिंगा झिजल्या. पातळ तेल टाकलं का पिऊन टाकते अन् मागून निळा धूर सोडते. म्या फॅक्टरीत उभा जन्म इंजिन चालवलं. घट्ट तेल असलं का लोखंडाले लोखंड लागत नाही."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी काही बोलणार इतक्यात स्वयंपाकघराच्या दारातून शांताबाईंचा आवाज आला.

"विहीणबाई म्हणून राहिल्या तर काढा न ते तेल. कावून ऐकत नाही तुमी?"

आबासाहेबांचा चेहरा पाहिला आणि मला माझी चूक कळली. मी वरमाय. माझं मत ह्या अंगणात मत म्हणून राहतच नव्हतं, तो हुकूम होत होता. दोन शब्द आणखी बोलले असते तर त्या माणसानं आत्ता ओतलेलं तेल मुकाट्यानं काढून टाकलं असतं आणि आयुष्यभराच्या त्याच्या कामाचा अंगणात अपमान झाला असता. मी घाईनं म्हटलं, "नाही नाही, राहू द्या. गाडी तुमची, इंजिन तुमच्या ओळखीचं. मी आपलं सहज विचारलं."

त्यांनी डबा उचलला. शांताबाई आत गेल्या. आम्ही दहाच्या सुमारास निघालो.

अमरावती

मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावतीला पोहोचलो. दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन, तूर फुलावर आलेली, मधे मधे वेचणीला बसलेल्या बायका. गाडी खरोखरच छान चालली. आबासाहेबांनी मला पुढच्या सीटवरून तेलाच्या दाबाचा काटा दाखवला. तो वर ताठ उभा होता. "पाहा," एवढंच ते म्हणाले, आणि त्यात विजय नव्हता, नुसतं समाधान होतं.

मी गाडी चालवते हे शांताबाईंना तिथंच कळलं. मागच्या सीटवर त्या पुढे सरकून बसल्या. मग म्हणाल्या, "मंग रस्त्यात बैल आडवा आला तर?" मी म्हटलं, "थांबायचं." त्या म्हणाल्या, "हं. मलेबी जमलं असतं." आबासाहेबांनी आरशातून मागे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे पाहिलं.

मुक्काम शांताबाईंच्या भावाकडे होता. तिथंही ताटावर आडवा हात धरून उपयोग झाला नाही. अंबादेवीचं दर्शन घेतलं, कुसुमसाठी देवीची ओटी भरली आणि पहाटे निघालो.

धारणी

परतवाड्याच्या पुढे डोंगर सुरू होतात आणि सागाचं जंगल. रस्ता म्हणावा असा सगळीकडे नव्हता. ओढ्यांवर पूल नव्हते, पाण्यातूनच गाडी काढावी लागली. एका ओढ्यात एसटीची बस रुतली होती आणि उतारू काठावर बसून आवळे खात होते. त्यांनी आम्हालाही दिले. बस निघेपर्यंत आम्हीही तिथंच. कोणाला घाई नव्हती, चिडलेलं तर कोणीच नव्हतं. आमच्याकडे एवढ्यात पाच जणांनी तक्रारीचे अर्ज तोंडपाठ म्हणून दाखवले असते.

धारणीला सुधीरचं घर दवाखान्याच्या आवारातच आहे. दोन खोल्या आणि पडवी. कुसुम दारात उभी होती, पोट पुढे, चेहरा उतरलेला पण डोळे हसरे. आईला पाहून ती हसली आणि मला पाहून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग दोन्ही हातांनी माझा हात धरून मला आत नेलं. दीड वर्षात ह्या मुलीनं माझ्या मुलाला भाजी चिरायला शिकवलं होतं. हे मला पुण्यात कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

दवाखान्यात कोरकू बायाबापड्या दिवसभर येत. कुसुम निघणार हे कळल्यावर एक म्हातारी मध घेऊन आली, पानाच्या द्रोणात. तिनं कुसुमच्या पोटावर तळवा ठेवला आणि तिच्या भाषेत काही बोलली. सुधीरला ती भाषा थोडी येऊ लागली आहे. तो म्हणाला, "ती म्हणते, बाळ घेऊन इथंच परत ये. तिकडे राहून बसू नकोस."

कुसुम मान हलवून हो म्हणाली. मग मला वाटतं तिला रडू आलं असावं, कारण ती चहा ठेवायला आत गेली आणि चहा काही लवकर बाहेर आला नाही.

सुधीरनं तिला तपासलं आणि प्रवासाला हरकत नाही म्हणाला. फक्त हळू न्या, एका दमात नेऊ नका. मधे मुक्काम करायचा तर कुठे, हा प्रश्न निघाला तेव्हा कुसुम म्हणाली, "चिखलदऱ्याला करा न. इतक्या जवळ राहून मी अजून पाह्यलं नाही."

डोहाळे म्हणून ते लगेच मान्य झालं. मीही आनंदानं हो म्हटलं. धारणी त्या मानानं सखल, तिथं सकाळी गाडी निमूट सुरू होत होती, म्हणून डोंगरावरच्या थंडीचा विचार त्या वेळी कोणाच्याच डोक्यात आला नाही, माझ्याही नाही. निघताना सुधीर गाडीच्या खिडकीशी बराच वेळ उभा राहिला. आबासाहेबांना "हळू चालवा" असं त्यानं तीनदा सांगितलं असेल आणि त्यांनी तीनदा "हो" म्हटलं.

चिखलदरा

सेमाडोहवरून जंगलातल्या वाटेनं चढून संध्याकाळच्या आत वर पोहोचलो. एका बाजूला दरी, तिच्यात निळं धुकं साठत चाललेलं. समोर गाविलगडाचा तट उन्हात तांबूस दिसत होता. कुसुमला आम्ही दोघींनी हाताला धरून कड्यापासून जरा लांब उभं केलं. ती पाहतच राहिली. आबासाहेबांनी गवळ्यांच्या वस्तीतून ताजा खवा आणला. पळसाच्या पानावर घेऊन आम्ही तो उभ्यानंच खाल्ला.

विश्रामगृहाच्या चौकीदारानं खोल्यांत शेगडी ठेवली. तरी रात्री दोन घोंगड्या अंगावर ओढाव्या लागल्या.

उजाडता उजाडता शांताबाई माझ्या खोलीत आल्या. "ताई, उठा," त्या म्हणाल्या. "पोरीच्या पोटात दुखून राहिलं."

मी गेले. कुसुम कुशीवर पडली होती, गुडघे जवळ घेऊन. कळ येत होती आणि थांबत होती. सातवा महिना. शांताबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. इथले डॉक्टर खाली गेले होते. एसटी दुपारी. परतवाड्याला चांगला दवाखाना होता आणि आमच्याकडे मोटार होती.

बाहेर आबासाहेब स्टार्टर दाबत होते. गवतावर दव पांढरं पडलं होतं, जवळजवळ हिमासारखं. इंजिनातून एक लांब कण्हल्यासारखा आवाज आला, मग त्याहून हळू, मग टकटक आणि काही नाही. बॅटरी उतरली. त्यांनी हँडल लावलं आणि दोन्ही हातांनी जोर केला. हँडल चिखलात रोवलेल्या पहारीसारखं जागच्या जागी होतं. चौकीदारानंही जोर लावला. थोडं हललं आणि परत आलं.

मी तेल मोजायची डीपस्टिक काढून पाहिली. तिला तेल चिकटलं होतं ते खाली ठिबकेचना. काकवी होऊन बसलं होतं.

आबासाहेबांनी माझ्या हातातली ती पट्टी पाहिली. त्यांनी हँडल काढून खाली ठेवलं. मग म्हणाले, "तुमी सांगतलं होतं."

"ते नंतर," मी म्हटलं. "आता काय करायचं ते सांगा. इंजिन तुमच्या ओळखीचं आहे."

हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. मला खरंच सुचत नव्हतं. पुण्यात असा प्रसंग कधी येत नाही. ते क्षणभर गाडीकडे पाहत उभे राहिले. मग कोट काढून कठड्यावर टाकला, धोतराचा काचा मारला आणि चौकीदाराला म्हणाले, "चूल पेटव. मोठी. अन् आंघोळीचा बंब भरून ठेव."

फॅक्टरीत पौषात सकाळी इंजिन असंच अडायचं, ते मला सांगू लागले, तेव्हा तेल काढून तापवून पुन्हा भरायचे. बोलता बोलता ते गाडीखाली शिरले सुद्धा. चौकीदार निखाऱ्यांचं घमेलं घेऊन आला, इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरखाली ठेवायला. मी ते थांबवलं. "वर पेट्रोल आहे, आबासाहेब. निखारे नकोत."

"तसं तेल सुटणार नाही, विहीणबाई. लय घट्ट झालं."

"सुटेल. उकळत्या पाण्यात फडकी पिळून चेंबरला लावू."

गाडीखालून एक हात बाहेर आला. "बरं," ते म्हणाले. "द्या फडकी."

मग आम्ही तेच केलं. मी उकळत्या पाण्यातून धोतराचे आणि टॉवेलचे तुकडे चिमट्यानं काढून पिळायची, माझे हात लालबुंद झाले, आणि ते खाली पडून लोखंडाला लावायचे. खालचा बोल्ट त्यांनी काढला. तेल आधी आलंच नाही, मग बोटभर जाड दोरी लोंबावी तसं डब्यात उतरू लागलं. आत खोलीत कुसुम कण्हत होती, ते आम्हा दोघांना ऐकू येत होतं. मधे एकदा ती गप्प झाली तेव्हा आबासाहेबांचे हात थांबले. "आहे, आहे," आतून शांताबाई म्हणाल्या, कोणी विचारलं नसताना. हात पुन्हा चालू झाले.

तेल चुलीवर ठेवलं. किती तापवावं ह्यावर आमचा वाद झाला. त्यांना धूर येईपर्यंत हवं होतं, मला बोट बुडवून सोसेल एवढं. शेवटी बोटाला सोसेना पण धूर निघेना, अशा वेळी उतरवलं. रेडिएटरमधलं गार पाणी सोडून बंबातलं कढत पाणी भरलं. तेल ओतताना ते पाण्यासारखं आत गेलं.

हँडल त्यांनी स्वतः मारलं. पहिल्या फेरीला ते फिरलं एवढंच. पुढच्या वेळी इंजिन खोकलं. त्यानंतर चालू झालं आणि चालूच राहिलं. आबासाहेब तोंडावर तेलाचे पट्टे घेऊन हँडल हातात धरून उभे होते. मी कुसुमला आणायला धावले.

घाटात गाडी ते चालवत होते. मी शेजारी बसून वळण यायच्या आधी सांगत होते, कारण त्यांचं लक्ष सारखं मागे जात होतं. मागे शांताबाईंनी लेकीचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तिला कसलीशी लांबलचक गोष्ट सांगत होत्या. कोणाच्या तरी म्हशीची. ती म्हैस परतवाडा येईपर्यंत हरवलेलीच होती.

परतवाडा

लाकडाच्या वखारींमधून वाट काढत दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सुधीरच्याच वयाच्या. टेबलामागे भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खाली ताजं फूल. त्यांनी आम्हा तिघांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. आम्ही बाकावर बसलो. आबासाहेबांचे हात कोपरापर्यंत काळे होते. ते गुडघ्यांवर न ठेवता हवेत धरून बसले होते, बाक खराब होऊ नये म्हणून.

दार उघडलं. "घाबरू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "धक्क्यांनी अन् थंडीनं कळा आल्या. पिशवीचं तोंड बंद आहे. इंजेक्शन दिलं. पण आता काही दिवस इथून हलवायचं नाही, अन् जाल तेव्हा सावकाश." मग आबासाहेबांकडे पाहून म्हणाल्या, "तुम्ही हात धुऊन घ्या, काका. मागे साबण आहे."

ते मागे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. शांताबाई उठून त्यांच्या मागे गेल्या. मी बाकावर बसून राहिले.

चारपाच दिवस तिथं काढले. कळा थांबल्या. डॉक्टरीणबाई सकाळ-संध्याकाळ येऊन कुसुमपाशी बसायच्या. घरात शिकलेल्या त्या पहिल्याच, आई अजून शेतात कामाला जाते असं त्यांनी शांताबाईंना सांगितलं. शांताबाईंनी निघताना त्यांची ओटी भरली. आधी विचारलं, "चालते न तुमच्यात?" त्या हसून म्हणाल्या, "तुमी आई म्हणून भरा."

ह्या मुक्कामात आबासाहेबांनी मला न सांगता एक काम केलं. गाडीतलं सगळं पन्नास नंबर काढून डब्यात भरून डिकीत ठेवलं आणि तीस नंबर घातलं.

परतीचा रस्ता

हे मला कळलं ते पूर्णेचा पूल ओलांडल्यावर. दुपारचं ऊन चढलं होतं. मार्गशीर्ष असला तरी वऱ्हाडातलं दुपारचं ऊन ते. इंजिनातून खटखट ऐकू येऊ लागली. मी काट्याकडे पाहिलं. तो खाली टेकायला आला होता. मागच्या काचेतून निळा धूर दिसत होता.

"आबासाहेब, काटा बघितलात का?"

"पाह्यला."

"कोणतं तेल आहे आत?"

ते रस्त्याकडे पाहत म्हणाले, "तीस. तुमचं."

"मग थांबवा ना गाडी."

"चालते जराशी," ते म्हणाले. "होईन सवय तिले."

मला हसू आवरेना. अकोल्याच्या अंगणात मी त्यांचा मान राखायला गप्प बसले होते, आणि आता हा माणूस माझा मान राखायला स्वतःचं इंजिन जाळत होता. मी म्हटलं, "तुमचंच खरं आहे. तुमच्या इंजिनाला हे पातळ पडतंय. थांबा इथं."

निंबाखाली गाडी उभी केली. शेजारच्या वावरात हुरडा भाजत होते. त्यांनी धूर पाहून हाक मारली, मग कुसुमला पाहून बाज बाहेर आणली. तिला बाजेवर निजवलं. शेणीच्या आरात भाजलेली कणसं तळहातावर चोळून गरम हुरडा तिळाच्या चटणीबरोबर आमच्या पुढ्यात येत राहिला. वावराच्या मालकानं गाडीकडे बघत विचारलं, "काय झालं हिले?"

"तेल पातळ झालं," आबासाहेब म्हणाले.

"मंग घट्ट टाका."

"घट्ट टाकलं होतं. डोंगरात गोठलं."

शेतकऱ्यानं एक कणीस आरात सारलं. "मंग अर्धं अर्धं टाका न," तो म्हणाला.

आबासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. इंजिन निवल्यावर निम्मं तीस काढलं आणि डिकीतलं पन्नास त्यात घातलं. ओतताना कुठवर ओतायचं ह्यावर आम्ही पुन्हा थोडं बोललो. तेव्हा बाजेवरून कुसुमचा आवाज आला. ती मलाही आईच म्हणते.

"बाबा, आई, तुमी दोघं भांडा, पण हळू भांडा. मले झोप येऊन राहिली."

हुरडा घेऊन आलेली घरधनीण तोंडाला पदर लावून हसली. आम्ही हळू भांडलो. अमरावतीपर्यंत काटा मधोमध राहिला आणि पुढे बडनेऱ्यावरून अकोल्यापर्यंतही.

पुन्हा अकोला

दिवे लागणीला पोहोचलो. शांताबाईंनी आत जाऊन भाकरतुकडा आणला आणि कुसुमवरून ओवाळला. मग दुसरा आणून माझ्यावरून. आबासाहेब हसत बाजूला सरकले तर त्यांना म्हणाल्या, "उभे राहा," आणि त्यांच्यावरूनही ओवाळला.

सकाळच्या गाडीनं मी पुण्याला निघणार होते. रात्री जेवण झाल्यावर कुसुमपाशी बसले. ती म्हणाली, "आई, चिखलदऱ्याला मी आत पडले होते न, तेव्हा मला लय भीती वाटत होती. मग तुमचं न् बाबांचं बोलणं ऐकू येत होतं. तेल किती तापवायचं, फडकं कसं लावायचं. ते ऐकत राहिले. मग भीती कमी झाली." थोड्या वेळानं ती म्हणाली, "राहाल का थोडे दिवस?"

वरमायेनं सुनेच्या माहेरी राहू नये, हे मला लहानपणापासून माहीत आहे आणि नंतर पुण्यात दोघीतिघींनी ते मला पुन्हा सांगितलंही. मी राहिले. संक्रांत तिथंच केली. शांताबाईंनी माझ्या पुढ्यात तुरीच्या शेंगांची टोपली ठेवली आणि सोलत बसा म्हणाल्या, त्या दिवशी माझं पाहुणेपण संपलं. मधे एकदा पुण्याला जाऊन घर सावरून आले आणि माघाच्या शेवटी परत अकोल्याला.

कुसुम बाळंत झाली तेव्हा सकाळचं कोवळं ऊन पडलं होतं. शांताबाई सुईणीबरोबर आत होत्या. सुधीर रजा मिळवून वाटेतच होता. ओसरीवर आबासाहेब आणि मी बसलो होतो. त्यांनी पेपर उलटा धरला होता आणि मी ते त्यांना सांगितलं नाही.

आतून रडणं ऐकू आलं. पहिल्यांदा बारीक, मग एकदम मोठं आणि सलग. आबासाहेब उठून उभे राहिले. दाराकडे मान कलती करून, डोळे मिटून ते ऐकत राहिले. बराच वेळ. मग माझ्याकडे वळले.

"आवाज साफ हाय, विहीणबाई," ते म्हणाले, आणि खाली बसले.